पाटीवर अजून स्कूटरच

आमच्या दापोलीच्या गॅरेजवर अजून ‘स्कूटर दुरुस्ती’चीच पाटी आहे. वडिलांचं सगळं काम टू-स्ट्रोक स्कूटरवर. त्या गेल्या आणि आम्ही बरीच वर्षं पंक्चर काढून दिवस ढकलले.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माड, पोफळी, आंबे आडवे झाले. लोकांनी माळ्यावरचे जुने चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळी-करवती, काढले, तर बरेचसे चालूच होईनात. टू-स्ट्रोक म्हणजे घरचंच इंजिन, असं समजून मी ते हातात घेतले.

तिथेच फसलो. स्कूटरच्या कार्बोरेटरात पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट असतो. चेनसॉ आडवा-तिडवा धरूनही चालायला हवा, म्हणून यात फ्लोटच नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यावर पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, हलतो आणि पेट्रोल ओढतो. हे कळायच्या आत नारळ-पोफळीचं आगर असलेल्या एका काकांची मशीन मी घालवली. रेस सोडली तरी आवाज खाली येईना, आणि मी आपला कार्बोरेटरचा स्क्रू पिळत बसलो. खरं तर कार्बोरेटरमागचं रबर चिरलेलं. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइलही त्याबरोबर कमी. पिस्टन जाम! नवं सिलिंडर-पिस्टन माझ्या खिशातून घातलं. काकांनी पुढच्या मोसमात आंब्याची पेटी पाठवली, तेव्हा जास्तच लाज वाटली.

तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी. आधी टाकीतलं पेट्रोल बाटलीत ओतायचं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. गेल्या वर्षीचं पेट्रोल असेल तर कधी कधी तळाशी पाणी वेगळं दिसतं. मग टाकीतला फिल्टर आणि पाईप. मशीन दहा मिनिटं चालून बंद पडते? झाकण सैल करा. ‘फुस्स’ झालं आणि मशीन पुन्हा धरली, तर टाकीत हवा जायची वाट तुंबलीय. याचे आम्ही पैसे घेत नाही. रेस चढत नसेल तर सायलेन्सरची जाळी काढून काजळी बघायची. एवढं करूनही मिस मारली, तरच कार्बोरेटर उघडतो. डायफ्राम कडक झालेला असला की किट बदलायचं.

सेटिंग कानाने. फुल रेसला आवाज जरा घोगरा हवा, लाकडात पातं शिरलं की मोकळा व्हावा. त्याच्या पुढे स्क्रू आवळायचा नाही, गिऱ्हाईक कितीही ‘अजून पळव’ म्हणू दे. आणि रेस सोडल्यावर साखळी फिरत असेल, तर मशीन आम्ही परत देतच नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा डायफ्रामची किटं आधीच आणून ठेवली होती. आता एप्रिलपासूनच दारात रांग असते. पाटी बदलायला मात्र वडील तयार नाहीत.