तुम्ही विचारलंत म्हणून: रेसिंगच्या फिल्ममध्ये गाड्या कुठे आहेत?

फोंड्याला फिल्म दाखवली, साखळीला दाखवली, पणजीत आमच्याच कॉलेजात दाखवली. दिवे लागले की पहिला हात वर होतो तो याच प्रश्नासाठी: "मोटर रेसिंगवर डॉक्युमेंटरी म्हणता, मग 22 मिनिटांत गाड्या जेमतेम चार मिनिटं का? बाकी सगळा वेळ तो झेंडेवालाच दिसतो." काहीजण कुतूहलाने विचारतात, काहीजण जरा रागाने. सभागृहात उत्तर द्यायला दोन मिनिटं मिळतात आणि मागच्या रांगेतले तोवर चपला शोधायला लागलेले असतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी जागेचं सांगते. गोव्यात रेसिंगचा कायमचा ट्रॅक नाही. देशातले मोठे ट्रॅक आमच्यापासून लांब आहेत: चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला 3.7 किलोमीटरचा, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. इथल्या पोरांच्या वाट्याला येतो तो सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. डिचोली तालुक्यातला असाच एक उघडा, चिऱ्याच्या दगडाचा सडा. त्यावर टायर रचून आणि कोन मांडून आखलेली वाट, आणि एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी झुंजणारी. याला ऑटोक्रॉस म्हणतात. आम्ही गेलो तो ट्रॅक डे होता, म्हणजे करंडक नाही, बक्षीस नाही. पैसे भरायचे, गाडी तपासून घ्यायची आणि आपापली वेळ सुधारत बसायचं. जुन्या एस्टीम, जिप्सी, एक-दोन नव्या हॅचबॅक. गाडीत बसून आलेले आई-वडील, डब्यातून आणलेली पातळभाजी आणि पाव.

तर गाड्या. आम्ही गाड्या भरपूर शूट केल्या. पहिल्या दिवशीचं चित्रण संध्याकाळी लॅपटॉपवर लावलं तेव्हा वर्गातल्या कुणीच काही बोललं नाही. सड्यावर जे अंगावर काटा आणत होतं ते पडद्यावर अगदी मवाळ दिसत होतं. याचं कारण शोधता शोधता आमची फिल्म ठरत गेली, म्हणून ते जरा खोलात सांगते.

आपण सेकंदाला 25 फ्रेम घेत होतो असं धरा. साध्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण 1.8 मीटर असतो. ताशी 65 किलोमीटरने गाडी जाते तेव्हा ते चाक सेकंदाला दहा वेळा फिरतं, म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत 144 अंश. अलॉय व्हीलला पाच आऱ्या असतील, तर दोन आऱ्यांमध्ये 72 अंशांचं अंतर. 144 म्हणजे बरोबर दोन आऱ्या. म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या आरीच्या जागी नेमकी दुसरी आरी येऊन बसते आणि चाक फिरतच नाही असं दिसतं. वेग जरा कमी झाला की तेच चाक उलटं फिरायला लागतं. त्यात कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या 1/1000 भागापुरतंच उघडं ठेवलं, तर तेवढ्या वेळात गाडी दोन सेंटिमीटरही सरकत नाही. चित्र लख्ख येतं आणि गाडी पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी दिसते. शटर 1/50 वर आणलं की तेवढ्यात गाडी 36 सेंटिमीटर पुढे जाते, कडा फरफटतात आणि डोळ्याला थोडा वेग जाणवतो. पण सड्यावरच्या उन्हात 1/50 म्हणजे चित्र पांढरंफटक, म्हणून लेन्सपुढे एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लावायचा, आणि फिल्टरवर तांबडी धूळ अशी बसते की दर दोन गाड्यांनंतर ब्लोअर घेऊन पुसत बसायचं. कापडाने पुसायचं नाही, चिऱ्याची धूळ काचेवर ओरखडे काढते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकच गाडी, एकच ड्रायव्हर, तोच वेग. सड्याच्या मधोमध तिच्यामागे नुसतं आकाश असतं. तिथे ती रमतगमत चालल्यासारखी दिसते. तीच गाडी कडेला आली, मागे काजूची झाडं आणि करवंदीच्या जाळ्या आल्या, की एकदम सुसाट. वेग कॅमेऱ्याला आपोआप दिसत नाही. चित्रात काहीतरी ठाम उभं असावं लागतं, तेव्हा कुठे हलणारं किती हलतंय ते कळतं. ड्रोन का नाही, असंही विचारतात, त्याचं उत्तर यातच आहे. वरून सगळंच सपाट दिसतं, आणि मग तो वेग उरतच नाही.

मग आम्ही विचार केला की या सड्यावर दिवसभर ठाम कोण उभं असतं?

तिसऱ्या वळणावरचे मार्शल काका, म्हणजे झेंड्याने ड्रायव्हरला इशारा देणारे, तुमचे तेच झेंडेवाले. वीज खात्यात लाईनमनची नोकरी, सुटीच्या दिवशी इथे. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही वळणाच्या बाहेरच्या अंगाला ट्रायपॉड लावत होतो, कारण तिथून गाडी थेट लेन्सवर येताना दिसते. लांबूनच हात हलवत ओरडले, "फाटीं! फाटीं!", म्हणजे मागे व्हा. मग जवळ येऊन शांतपणे समजावलं. गाडीची ग्रिप सुटली की ती वळणाबरोबर वळत नाही, ज्या दिशेला चाललेली असते त्याच दिशेला सरळ निघून जाते, आणि तिथेच तुमचा ट्रायपॉड. आतल्या बाजूलाही भरवसा नाही, कारण ड्रायव्हरने घाबरून जास्त स्टिअरिंग फिरवलं की गाडी गिरकी घेऊन आत शिरते. त्यांनी आम्हाला वळणाच्या अलीकडे, टायरच्या भिंतीमागे, जरा उंचवट्यावर उभं केलं. तिथून गाडी फ्रेममध्ये एका कोपऱ्यातून शिरते आणि दुसऱ्या कोपऱ्यातून जाते, आणि मधल्या जागेत पूर्ण वेळ काका. आमच्या फिल्मची मुख्य फ्रेम ही अशी सुरक्षिततेच्या हिशोबाने ठरली, आणि त्याहून चांगली फ्रेम मला सुचली नसती.

त्यांच्या हातांकडे पाहा, फिल्ममध्ये तो शॉट बराच लांब ठेवलाय. पिवळा झेंडा काठीभोवती गुंडाळलेला, आणि कापडाचं टोक करंगळीत अडकवून घट्ट दाबलेलं. सड्यावर वारा असतो. टोक सुटून झेंडा नुसता फडफडला तरी येणाऱ्या ड्रायव्हरला तो इशाराच वाटेल: पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी कर. म्हणून गरज नसते तेव्हा झेंडा दिसताच कामा नये. दुसऱ्या हातात लाल, तो काखेत. ट्रॅककडे पाठ म्हणून कधी करायची नाही, पाणी पितानासुद्धा. बाटली तोंडाला लावलेली, डोळे वळणावर. आणि ते गाडीकडे बघत नाहीत, पुढच्या चाकांकडे बघतात. चाकं वळलेली आहेत आणि गाडी वळत नाही, असं दिसलं की त्यांची करंगळी सुटते. ड्रायव्हरला कळायच्या आधी त्यांना कळलेलं असतं. आम्ही ते फ्रेम मागेपुढे करून तपासलं. करंगळी सुटते, आणि त्यानंतर गाडीची शेपूट बाहेर येते.

सड्याची मातीही दिवसभर बदलत राहते, आणि काकांना ती वाचता येते. धूळ दबावी म्हणून फेऱ्यांच्या मध्ये टँकर पाणी मारून जातो. लगेच सुटलेल्या गाडीला तिथे तेल सांडल्यासारखं वाटतं. चारपाच गाड्या गेल्या की ओल घासली जाते, खाली कठीण चिरा लागतो आणि ग्रिप येते. आणखी काही गाड्यांनी वर खडी सुटते, पुन्हा घसरण. कितव्या क्रमांकाला सुटलात यावर वेळ ठरते. अनुभवी ड्रायव्हर टँकर दिसला की हेल्मेट काढून ठेवतात आणि मागे राहतात.

आवाजाचं काम माझ्या वर्गमित्राकडे होतं, आणि फिल्म चालली असेल तर अर्धं श्रेय त्याचं. इंजिन जवळून गेलं की माइक फाटतो, आणि डिजिटलमध्ये फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. त्याने एकच माइक रेकॉर्डरच्या दोन ट्रॅकवर घेतला, एक दुसऱ्यापेक्षा 12 डेसिबलने खाली. लांबचं गुणगुणणं वरच्या ट्रॅकवरून, जवळची डरकाळी खालच्या. दुसरा छोटा माइक काकांच्या कॉलरला. म्हणून फिल्ममध्ये गाडी दिसायच्या किती तरी आधी ऐकू येते, उतारापलीकडून, आणि तुम्ही काकांचा चेहरा बघत ती कुठवर आली याचा अंदाज बांधता. पुढून निघून गेल्यावर आवाजाची पट्टी खाली उतरते तीही त्यांच्या चेहऱ्यावरच ऐकायची. माझ्या मते तो गाड्यांचाच वेळ आहे. तुमची चार मिनिटं डोळ्यांनी मोजलेली आहेत.

आता दुसरा प्रश्न, जो बहुतेक आई-वडील विचारतात: असल्या फिल्म बघून मुलं रस्त्यावर गाड्या पळवतील, त्याचं काय? हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. गोवा केवढासा, तरी अलीकडच्या वर्षांत इथे दरसाल 250 हून जास्त माणसं रस्त्यावर मरतात, आणि त्यात सर्वाधिक दुचाकीवरची. आमच्या वर्गात कुणाच्या ना कुणाच्या ओळखीतलं कुणी असं गेलेलं आहे. म्हणूनच स्क्रूटिनीचा, म्हणजे सुटण्याआधी गाडी आणि हेल्मेट तपासतात तो, प्रसंग आम्ही कापला नाही. शिक्षकांनी तो लांबतोय म्हणून सांगितलं होतं, तरी ठेवला. एका मुलाच्या हेल्मेटचा पट्टा बकलपाशी उसवलेला होता. तपासणाऱ्याने दोन बोटं घालून ओढून पाहिलं, हेल्मेट परत दिलं, एवढंच म्हणाला, "हे नाही चालणार." मुलगा म्हणाला, रोज हेच घालतो. उत्तर आलं, "रोजही नको घालू." मग बॅटरीचे टर्मिनल, बोनेटची पिन, सीटखाली गडगडणारी पाण्याची बाटली. गाडीत सुटं काहीही चालत नाही. एका एस्टीमच्या डॅशबोर्डवर गणपती होता, दोन बाजूंच्या टेपने चिकटवलेला. तोही काढायला सांगितला. ड्रायव्हरने तो सोडवून कपाळाला लावला आणि बाहेर उभ्या आईच्या हातात दिला. ती माउली दिवसभर मूर्ती ओंजळीत धरून दोरीपलीकडे उभी होती. तिच्यावर स्वतंत्र फिल्म होऊ शकेल, आणि मला ती करायची आहे.

ट्रॅक डेला आलेली पोरं वेगाची हौस भागवायला येतात हे खरं, पण तिथे त्यांच्यासाठी रुग्णवाहिका उभी असते, समोरून टँकर किंवा म्हैस येणार नाही याची खात्री असते, आणि वळणावर कुणीतरी करंगळीत झेंडा दाबून जागं असतं. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. गोव्याला एक छोटा का होईना, कायमचा ट्रॅक हवा असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरला गो-कार्टिंग आहे, तिथे शिकलेली मुलं पुढे मोठ्या ट्रॅकवर गेली आहेत. आमच्या पोरांना त्यासाठी घाट चढून जावं लागतं.

राहिला प्रश्न उरलेल्या चित्रणाचा. ते वाया गेलं का, असंही विचारतात. नाही गेलं. प्रत्येक गाडीची प्रत्येक फेरी वेगळी कापून आम्ही ज्याची त्याला देऊन टाकली. एका जिप्सीवाल्याने आपल्या दोन फेऱ्या शेजारी शेजारी लावून बघितल्या. तिसऱ्या वळणाआधी टायरच्या पांढऱ्या ढिगाऱ्यापाशी तो एकदा ब्रेक मारतोय आणि दुसऱ्यांदा ढिगारा ओलांडून पुढे, आणि गंमत म्हणजे उशिरा ब्रेक मारलेली फेरीच 0.4 सेकंदाने हळू निघाली, कारण गाडी बाहेर ओढली गेली आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ लागला. हे त्याला कुणी सांगून पटलं नसतं. गाड्याच बघायच्या असतील तर अशा ड्रायव्हरांपैकी कुणाला तरी गाठा. त्यांच्या फोनमध्ये ते सगळं आहे, आणि ते आनंदाने दाखवतात.