बायकोचं एमबीए आणि माझा एफ-२

"दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे." बायकोला शिकागोजवळ एव्हॅन्स्टनच्या बी-स्कूलमधून ऍडमिट आलं तेव्हा घरच्यांपासून ऑफिसातल्या एचआरपर्यंत सगळ्यांनी मला हेच ऐकवलं. तर आधी या दोन वर्षांचाच हिशोब सांगतो, कारण डिपेंडंट म्हणून, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या जोडीदाराबरोबर एफ-२ व्हिसावर, जाणारे बरेच जण तो करतच नाहीत. एमबीए दोन वर्षं. मग ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर त्याच विद्यार्थी व्हिसावर नोकरी करायची परवानगी, एक वर्ष, प्रोग्रॅम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर वर अजून दोन वर्षं एक्स्टेन्शन. ओपीटीच्या काळात ती नोकरी करू शकते, पण जोडीदार या सगळ्या काळात एफ-२ वरच राहतो आणि एफ-२ ला नोकरी नाही म्हणजे नाही. दरम्यान दर मार्चमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचं रजिस्ट्रेशन आणि लॉटरी, ती लागली की जोडीदार एच-४ वर, म्हणजे त्या व्हिसाच्या डिपेंडंटवर, आणि एच-४ ला वर्क परमिट साधारण तेव्हाच मिळतं जेव्हा एच-१बी वाल्याच्या ग्रीन कार्डाच्या भानगडीतली आय-१४० नावाची पायरी मंजूर होते, ती पायरी कंपनीने सुरू केली तर. बेरीज करा. दोनाची पाच-सहा कधी होतात कळत नाही.

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीमध्ये होतो, नोकरी चांगली होती, सोडायची हौस नव्हती. पण लांब राहून लग्न टिकवायची हौस त्याहून कमी. म्हणून जाण्याआधीच आम्ही दोघांनी बसून ठरवलं की पहिलं वर्ष मी एफ-२ वर काढायचं, आणि त्या वर्षात माझा पुढचा रस्ता शोधायचा, तिचं ग्रॅज्युएशन होईपर्यंत थांबायचं नाही.

व्हिसाची गोष्ट तशी सरळ. डिपेंडंटचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेला कागद, वेगळा येतो, त्यावर स्वतःचा सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीची सरकारी यंत्रणा) नंबर असतो, पण ती ३५० डॉलरची सेव्हिस फी एफ-२ ला भरावी लागत नाही, ती फक्त विद्यार्थ्याला. व्हिसा फी १८५ डॉलर मात्र प्रत्येकाला. फंड्स दाखवताना जोडीदाराच्या खर्चाची रक्कम वेगळी धरतात, तेवढी जास्त दाखवावी लागते, बँकेकडून लोन सॅंक्शन करतानाच हे सांगून ठेवा. आमच्याकडे एकच गोची होती. बायकोने नाव बदललेलं नाही, तिच्या पासपोर्टवर मधे वडिलांचंच नाव, त्यामुळे आमचं लग्न झालंय हे सांगणारा कागद एकच, मॅरेज सर्टिफिकेट. ते इंग्लिशमध्ये, सही-शिक्क्यासह, ओरिजिनल जवळ ठेवलं आणि लग्नाचे काही फोटोही. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये खिडकीपलीकडच्या साहेबाने मला विचारलं, ती शिकणार, मग तुम्ही काय करणार? मी म्हटलं, स्वयंपाक. तो हसला आणि पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा झाला. (हे उत्तर कुणी कॉपी करू नका, माणूस बघून द्यायचं असतं.)

एव्हॅन्स्टनला पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कळतं की बी-स्कूलच्या माणसाचा दिवस आणि आपला दिवस यांचा काही संबंध नाही. क्लास असतात ते सोडा, क्लास हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. क्लब, केस कॉम्पिटिशन, कंपन्यांची प्रेझेंटेशन्स, कॉफी चॅट नावाचा प्रकार म्हणजे कंपनीतल्या अनोळखी माणसाशी गोड बोलून आपलं नाव त्याच्या लक्षात राहील असं बघायचं, मग ग्रुप मीटिंग, मग रात्री हॅपी अवर, आणि हे सगळं "ऑप्शनल" असतं पण न गेलं तर चालत नाही. कन्सल्टिंगला जायचं असेल तर समर इंटर्नशिपची तयारी पहिल्याच सत्रात सुरू होते, इंटरव्ह्यू जानेवारीच्या आसपास. म्हणजे देश बदलल्याचा धक्का पचायच्या आतच ती रिक्रूटिंगमध्ये बुडालेली, आणि मी खिडकीतून बर्फ बघतोय. यात तिचा काही दोष नव्हता, पण भांडणं व्हायची ती याच काळात झाली. माझं म्हणणं तू घरी नसतेस, तिचं म्हणणं मी इथे मजा मारायला आलेय का, दोघंही बरोबर. अशा भांडणांचं काही होत नाही, ती आपोआप विरतात, पण निदान ऑक्टोबर ते जानेवारी हा हंगाम असाच असतो हे आधी माहीत असलं तर माणूस ते मनाला लावून घेत नाही.

बी-स्कूलांमध्ये जोडीदारांसाठी क्लब असतात हे एक बरं. केलॉगमध्ये, म्हणजे बायकोच्या बी-स्कूलमध्ये, तर जोडीदारांना जेव्ही म्हणतात, म्हणजे जॉइंट व्हेंचर. मी गेलो तेव्हा पुरुष थोडेच होते आणि प्रत्येक नवीन माणूस मला विचारायचा की तू कुठल्या सेक्शनचा. पार्टनर आहे म्हटलं की समोरचा क्षणभर गडबडायचा, मग "ओ, दॅट्स ग्रेट" म्हणायचा आणि तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्याशी बोलायला जायचा, कारण माझ्याकडून त्याला रेफरल मिळणार नव्हतं. ब्राझीलहून आलेली एक वकील बाई आणि जपानचा एक आर्किटेक्ट, दोघंही माझ्यासारखेच अडकलेले, त्यांच्याशी मात्र गट्टी जमली. कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नवऱ्याबरोबर आलेल्यांचं टेन्शन वेगळं असतं, त्यांना परत जायची तारीख माहीत असते. त्यांना हा माझा सगळा हिशोब लागू नाही, दोन वर्षं मस्त सुट्टी घ्या.

आता कागदांचं. एफ-२ ला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. आणि त्या नंबराशिवाय तिकडे माणूस जवळपास नसल्यासारखा. क्रेडिट स्कोअर नाही, घराच्या करारावर मी फक्त "ऑक्युपंट", फोनचं बिल बायकोच्या नावावर. एका बँकेत तर जॉइंट अकाउंटला नंबर लागतोच असं सांगून परत पाठवलं, दुसऱ्या बँकेत पासपोर्ट आणि पत्त्याच्या पुराव्यावर काम झालं, तेव्हा एका काउंटरवर नाही म्हटलं म्हणून ऐकून परत येऊ नका. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जाऊन अर्ज करायचा, तो नाकारला जाणार हे माहीत असताना, आणि नाकारल्याचं पत्र घ्यायचं. ते पत्र घेऊन मग लायसन्सच्या ऑफिसात. आमच्या इलिनॉय राज्यात लायसन्स सेक्रेटरी ऑफ स्टेटचं खातं देतं, बऱ्याच राज्यांत ते देणारं डीएमव्ही नावाचं ऑफिस शोधत बसाल तर सापडणार नाही. नकाराचं पत्र मिळवण्यासाठी सकाळी लाइनीत उभं राहणारा जगात मी एकटाच असेन असं वाटलं होतं, पण लाइनीत पुढेही एक एफ-२ च निघाला, त्याला ब्रेकफास्टला नेलं.

अजून एक कागद, फॉर्म ८८४३. एक डॉलर कमावला नसेल तरी पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत एफ-२ ने तो दर वर्षी आयआरएसला, म्हणजे तिकडच्या इन्कम टॅक्स खात्याला, पाठवायचा असतो, प्रत्येकाचा वेगळा, जोडीदाराच्या रिटर्नमध्ये आपोआप येत नाही. उत्पन्न नसेल तर मुदत १५ जून. टॅक्स नंबर नसला तरी भरता येतो. बऱ्याच डिपेंडंटना हे कुणी सांगतच नाही.

काम करता येत नाही म्हणजे नेमकं काय करता येतं यावर मी बराच वेळ घालवला. भारतातल्या कंपनीचं काम तिकडे बसून लॅपटॉपवर केलं तर काय, हा प्रश्न प्रत्येक एफ-२ ला पडतो. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसने सल्ला दिला की इमिग्रेशन वकिलाला विचारा, वकील म्हणाला, करू नका. माझ्या जुन्या मॅनेजरने पार्ट-टाइम ऑफर दिली होती, जीव तुटला पण नाही म्हटलं. ज्या व्हिसाच्या भरवशावर पुढचं सगळं उभं करायचंय तो असल्या गोष्टीसाठी पणाला लावण्यात अर्थ नव्हता. व्हॉलंटिअरिंग चालतं, पण ते खरंखुरं हवं, म्हणजे एरवी पगार देऊन करून घेतात असं काम फुकट केलं तर ते व्हॉलंटिअरिंग नाही. मी लायब्ररीत जायचो आणि एका फूड पँट्रीत डबे रचायचो.

घरात मात्र मला एक बिनपगारी नोकरी लागली, बायकोची केस पार्टनर म्हणून. कन्सल्टिंगच्या इंटरव्ह्यूत धंद्याचा एखादा प्रश्न, म्हणजे केस, सोडवायला देतात, तर अशा केसेसच्या पुस्तकातून मी इंटरव्ह्यूअर व्हायचं, ती सोडवणार. नफा का घसरला, प्लँट बंद करावा का, असले प्रश्न. प्लँटच्या केसेसमध्ये मी मधेच बोलायचो की अगं असं नसतं, स्क्रॅप रेट (किती माल खराब निघतो) विचार, चेंजओव्हरला किती वेळ जातो ते विचार. हळूहळू तिचे वर्गमित्रही यायला लागले, ऑपरेशन्सची केस असली की माझ्याकडे. ज्या लोकांनी पार्टीत तिसऱ्या मिनिटाला पाठ फिरवली होती त्यातले दोघं माझ्या डायनिंग टेबलावर वहीपेन घेऊन बसलेले. बायकोला इंटर्नशिप लागली, आणि मला कळलं की माझा रस्ता सप्लाय चेन आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगकडेच आहे.

२०१५ पासून नियम असा आहे की एफ-२ जोडीदार एसईव्हीपी (परदेशी विद्यार्थ्यांचा सरकारी प्रोग्रॅम) मान्यता असलेल्या संस्थेत पार्ट-टाइम शिकू शकतो, क्रेडिटचे कोर्सही. फुल-टाइम नाही. मी कम्युनिटी कॉलेजमध्ये स्टॅटिस्टिक्सचा एक संध्याकाळचा कोर्स घेतला. त्याचा उपयोग अभ्यासापेक्षा वेगळाच झाला, एक अमेरिकन ट्रान्सक्रिप्ट हातात आली आणि एक प्रोफेसर ओळखीचा झाला ज्याने पुढे रेकमेंडेशन दिलं. मग जीआरई, मग अर्ज, फक्त शिकागोतल्याच युनिव्हर्सिट्यांना, कारण दोन शहरांत दोन घरं परवडणार नव्हती.

ऍडमिट आल्यावर खरा निर्णय होता, एफ-२ चं एफ-१ कसं करायचं. दोन रस्ते आहेत. तिथेच बसून आय-५३९ भरायचा आणि स्टेटस बदलून घ्यायचं, पण मंजुरी येईपर्यंत फुल-टाइम क्लास सुरू करता येत नाही, आणि स्टेटस बदललं तरी पासपोर्टवर एफ-१ चा स्टॅम्प नसतोच, भारतात पहिली चक्कर झाली की इंटरव्ह्यू द्यावाच लागतो. दुसरा रस्ता, भारतात या, नवीन व्हिसा घ्या, त्यावर परत जा. यात भीती ही की नाकारला तर बायको तिकडे आणि आपण इकडे. मी दुसरा घेतला. माझ्या मते सेमिस्टर सुरू व्हायला वेळ असेल आणि कागद पक्के असतील तर हाच बरा, एकदाच काय ते होऊन जातं. प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा पैसे भरून लवकर निकाल, आता आय-५३९ लाही आहे, पण पैसे बरेच जातात आणि स्टॅम्पचा प्रश्न तसाच राहतो.

यावेळी ३५० डॉलर सेव्हिस फी भरली, माझ्या स्वतःच्या नावाची, आणि खरं सांगतो, फी भरताना इतका आनंद कधी झाला नव्हता. नवीन डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, आधी बायोमेट्रिक्स, मग बीकेसीच्या कॉन्सुलेटला इंटरव्ह्यू. एफ-१ ला मुख्य अडचण व्हिसा कायद्याचं कलम २१४(बी), म्हणजे हा माणूस परत येणार हे त्यांना पटायला हवं, आणि माझी बायको आधीच तिकडे, म्हणजे माझी केस कागदावर कच्चीच. मी लपवाछपवी केली नाही. खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमची पत्नी तिथे आहे म्हणून शिकायला चाललात का? मी म्हटलं, हो, शहर तिच्यामुळे निवडलं, विषय माझ्या नोकरीमुळे, आणि चाकणच्या लाइनवरचा एक प्रॉब्लेम सांगायला लागलो. त्यांनी अर्ध्यात थांबवलं. अप्रूव्ह्ड. त्यांना स्क्रॅप रेटमध्ये रस नव्हता बहुतेक.

प्रोग्रॅम सुरू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस शिरता येतं, तसा परत गेलो. एफ-१ वर कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, मला लॅबमध्ये छोटं काम मिळालं आणि त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर. माझा नंबर आल्यावर पहिल्या आठवड्यात मी फोनचं बिल माझ्या नावावर करून घेतलं. बायको म्हणाली, आता भर.

महाग रस्ता आहे हे लपवत नाही. आमच्यावर आता दोन एज्युकेशन लोन आहेत आणि तिच्या पगारातून घर चालतं. काही ओळखीच्या जोडप्यांनी याउलट केलं, जोडीदार भारतात नोकरी करत राहिला आणि सुट्ट्यांत भेटले, त्यांचं गणित पैशांत आमच्यापेक्षा कितीतरी बरं बसलं. जोडीदाराच्या फील्डमध्ये पुन्हा शिकायची गरजच नसेल, समजा डॉक्टर किंवा वकील, तर दुसरी मास्टर्स ही फार महागडी पळवाट होईल, त्यांनी लायसन्सिंगच्या परीक्षांचं आधी बघावं, एफ-२ चा मोकळा वेळ त्या अभ्यासाला सोन्यासारखा आहे.

तिची ओपीटी सुरू आहे. पहिल्या लॉटरीत नाव आलं नाही, स्टेममुळे अजून चान्स आहेत. माझं दुसरं सत्र चालू आहे, आणि पुढच्या वर्षी ओपीटीचा अर्ज मलाही करायचाय.