अपडेट चालू असताना गोठणारा संगणक: माझा अनुभव

नाशिकला इंदिरानगरमधील आमच्या घरी दहा वर्षांपूर्वी जोडून घेतलेला एक डेस्कटॉप आहे आणि त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली चालते. धाकट्या भावाच्या निफाडच्या द्राक्षबागेचे सगळे हिशेब, फवारणीच्या तारखांपासून व्यापाऱ्यांकडून येणे असलेल्या रकमांपर्यंत, मी त्यावरच ठेवते. गेल्या मार्चमध्ये, ऐन काढणीच्या दिवसांत, हा संगणक अपडेटच्या मध्येच गोठू लागला.

पहिल्या वेळी पडद्यावर लिनक्स-फर्मवेअर हे मोठे पॅकेज उलगडले जात असल्याची ओळ होती आणि ती पुढे सरकेना. माउसचा बाण हलत होता, पण कशावरही क्लिक केले तरी काही उघडत नव्हते, आणि एरवी लुकलुकणारा डिस्कचा दिवा सलग पेटून राहिला होता. मी अर्धा तास वाट पाहिली आणि बटण दाबून संगणक बंद केला. ही माझी चूक होती, कारण पुन्हा सुरू केल्यावर डीपीकेजीचे, म्हणजे पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रामचे, काम अर्धवट तुटल्याचा संदेश आला. ते पूर्ण करण्याची आज्ञा दिली, तर संगणक पुन्हा तसाच गोठला.

त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, हिशेब शाबूत आहेत ना?" एवढेच त्याने विचारले. तेव्हा दुरुस्ती बाजूला ठेवून मी आधी सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या.

त्यानंतर जे जे सुचले ते तपासले. बूट विभागात जागा पुरेशी होती, प्रोसेसरचे तापमान ठीक होते आणि रात्रभर चालवलेल्या मेमटेस्टमध्ये, म्हणजे मेमरीच्या चाचणीत, एकही चूक निघाली नाही. महात्मा गांधी रोडवरील एका दुकानात विचारले असता, हार्ड डिस्क गेली आहे, नवी एसएसडी टाकून सगळे पुन्हा भरून घ्या, असा सल्ला मिळाला. डिस्क उघडून न पाहता दिलेला हा निकाल मला पटला नाही.

मागच्या वेळच्या नोंदी जर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीत, शोधल्या, पण नेमक्या गोठण्याच्या क्षणाच्या नोंदी तिथे नव्हत्या. ज्या डिस्कवर त्या लिहायच्या तीच अडकलेली असेल, तर त्या राहणार तरी कुठे, हे तेव्हा लक्षात आले. म्हणून पुढच्या वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून दुसरे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याचा वेगळा पडदा, उघडले, त्यात कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) संदेश येतील तसे दिसत राहतील अशी व्यवस्था केली आणि मगच अपडेट सुरू केले. चौथ्या मिनिटाला ओळी येऊ लागल्या: डिस्कवर लिहिण्याची आज्ञा फसली, सीआरसी चूक (पाठवलेली माहिती जशीच्या तशी पोहोचली का, या पडताळणीतील चूक), जोडणी नव्याने सुरू करत आहे. थोड्या वेळाने, डीपीकेजी १२० सेकंदांहून अधिक काळ अडकले आहे, अशीही ओळ आली. मी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवला. या वेळी बटणाला हात न लावता ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून क्रमाने एस (राहिलेले डिस्कवर लिही), यू (डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव) आणि बी (पुन्हा सुरू हो) दाबले. उबुंटूमध्ये या तीन आज्ञा मुळातच चालू असतात.

नंतर स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने, डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या क्रमांकित नोंदींवरून, तिची प्रकृती पाहिली. खराब सेक्टरांचे आकडे, म्हणजे क्रमांक ५ आणि १९७, शून्य होते. क्रमांक १९९, म्हणजे यूडीएमए सीआरसी चुकांचा आकडा, मात्र ४१२ होता. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाटेत माहिती बिघडली की हा आकडा वाढतो, त्यामुळे संशय डिस्कवरून केबलवर गेला. रोजच्या कामात डिस्कवर थोडेच लिहिले जाते. अपडेटच्या वेळी मात्र डीपीकेजी शेकडो फायली लिहिते आणि त्या डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री होईपर्यंत थांबते, म्हणून सैल जोडणीचा त्रास नेमका तेव्हाच जाणवत होता.

कॅबिनेट उघडले तेव्हा डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल पंख्याशेजारी घट्ट दुमडलेली दिसली आणि तिच्या टोकाची पकडपट्टी तुटलेली होती. नवी केबल आणली, दुसऱ्या पोर्टला जोडली, अर्धवट पॅकेजे पूर्ण करण्याची आज्ञा पुन्हा दिली आणि दुसऱ्या टर्मिनलवर नजर ठेवून बसले. काम न अडता पूर्ण झाले. १९९ चा आकडा कधी मागे जात नाही, तो वाढतो आहे का एवढेच पाहायचे असते. म्हणून तो मी हिशेबाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवला. तीन आठवड्यांत आणखी दोन अपडेट झाले, तरी तो ४१२ वरच आहे.