अप्पांचा किल्लारीचा रोल

गेल्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपल्यावर, लातूरच्या एका कॉलेजात मी मराठी विकिपीडियाची कार्यशाळा घेत होते. पोरं आपापल्या गावांवर लिहीत होती. कुणी बारवेवर लिहीत होतं, कुणी रझाकारांच्या काळातल्या एखाद्या आजोबांवर. दुपारी मागच्या बाकावरच्या एका मुलानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "मॅडम, भूकंपाच्या लेखात फोटो टाकला. बघा."

कोसळलेलं माळवद, दगडांचा ढीग, त्यातून वर आलेली एक तुळई आणि उजव्या कोपऱ्यात उलटी पडलेली घागर. त्या घागरीवरून मी फोटो ओळखला. तो आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेला होता.

अप्पांचा गंजगोलाईजवळ स्टुडिओ होता. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमाराला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते. सुमारे १०,००० माणसं गेली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं ओझं. झोपेतल्या माणसाला बाहेर यायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन निघालेल्या एका ट्रकमध्ये बसून अप्पा तिकडं गेले. बरोबर याशिका कॅमेरा आणि एकच रोल. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यातल्या एकाची प्रिंट त्यांनी कुणाच्या तरी हाती दिली, ती एका वर्तमानपत्रात छापून आली. खाली नाव नव्हतं. पैशाचा विषय अप्पांनी कधी काढला नाही, नावाचा मात्र काढायचे.

मुलानं त्या कात्रणाचा मोबाइलवर फोटो काढला होता. चढवताना "हे माझं स्वतःचं काम आहे" यावर टिचकी मारली होती, कारण त्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नव्हता. पोरगा लबाड नव्हता. त्याला लेख चांगला करायचा होता. मी तो फोटो काढून टाकण्यासाठी सुचवला, आणि तिथं वाद सुरू झाला.

कॉलेजातले एक सर तावातावानं म्हणाले, "वडिलांचा फोटो जगापुढं येतोय आणि तुम्हीच काढा म्हणता? इथं कोण कमावणार आहे? ज्ञानाचं काम आहे. इंग्रजी विकिपीडियावर कॉपीराइट असलेले फोटो चालतात, मग मराठीलाच एवढं सोवळं कशाला?"

त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. इंग्रजी विकिपीडियावर चालतात, पण दहा अटी पाळून. त्याजागी दुसरा मुक्त फोटो मिळण्यासारखा नसावा, आकार लहान असावा, तो लेखात खरोखर लागत असावा, कारण लिहिलेलं असावं. जिवंत माणसाचा असा फोटो सहसा घेतच नाहीत, कारण जाऊन नवीन काढता येतो. जर्मन विकिपीडिया अमेरिकी पद्धतीची ही सवलत मानत नाही. आणि विकिमीडिया कॉमन्स, जिथून सगळ्या भाषा चित्रं उचलतात, तिथं अशा परवानगीशिवाय घेतलेल्या, उसन्या फोटोला अजिबात जागा नाही. पोरानं तो तिथंच चढवला होता.

सरांना मी सांगितलं, अमेरिकेतल्या कायद्यात 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगी न घेता रास्त वापर करण्याचा दरवाजा रुंद आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात ठरावीक कारणं दिलीत: खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी वगैरे. 'लेख छान दिसावा' हे कारण त्यात नाही.

पण खरं सांगायचं तर माझा जीव कलमात अडकलेला नाही. विकिपीडिया वाचकाला शब्द देतो की हे घ्या, छापा, वाटा, विकलंत तरी चालेल, फक्त श्रेय द्या आणि पुढच्यालाही तेवढीच मोकळीक ठेवा. औशाच्या एखाद्या शाळेनं भूकंपाची पुस्तिका काढायची ठरवली तर तिनं बिनधास्त ते पान उचलावं. त्यात एक फोटो परक्याचा निघाला की भाकरीत खडा. शिवाय उसना फोटो एकदा लेखात बसला की खरा फोटो शोधायला कुणी उठत नाही. इथं तर फोटो काढणारा माणूस कॉलेजपासून रिक्षानं दहा मिनिटांवर राहत होता, आणि सगळे वर्तमानपत्राचं कात्रण खरवडत बसले होते.

एक मात्र मी मान्य करते. गेलेल्या माणसाचा जगात एकच फोटो असेल, काढणाऱ्याचा पत्ता लागत नसेल, तर अटी घालून लहान आकारात तो लेखापुरता ठेवावा. आमच्याकडं मुक्तिसंग्रामातली अशी कितीतरी माणसं आहेत. पण आधी त्यांच्या घरी जावं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक, वेगळा करार नसेल तर, आपल्या कायद्यानं काढून घेणाराच असतो. म्हणजे अप्पांच्या स्टुडिओतले हजारो लग्नाचे फोटो अप्पांचे नाहीत, त्या त्या घरांचे आहेत. भूकंपाचा रोल मात्र त्यांचाच, कारण तिकडं त्यांना कुणी पाठवलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी अप्पांना हे सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "खाली नाव कुणाचं होतं?"

"त्या पोराचं."

ते गप्प बसले. मग मी त्यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना समजावला. कुणीही वापरेल, कुणी विकेल, तुमचं नाव द्यावं लागेल, आणि एकदा दिलं की परत घेता येणार नाही. शेवटचं वाक्य त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. तीन दिवस विषय नाही. चौथ्या दिवशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून बसले. बटर पेपरच्या पाकिटात चार पट्ट्या, काहींवर बुरशी. एकेक पट्टी खिडकीकडं धरून बघितली आणि पाच फोटो बाजूला काढले. पडलेल्या भिंती, रस्ता, घागर.

"बाकीचे?"

"त्यात माणसं हायेत, माय. एक बाई नुसती बसलीय. तिनं माझ्याकडं बघितलं बी नव्हतं. तिला कुठं विचारलं मी तवा?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. परवान्यात फोटो काढणाऱ्याचं नाव असतं, फोटोतल्या माणसाच्या संमतीचा रकाना नसतो. मी ते सात फोटो मागितले नाहीत.

लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका लॅबमधून पाच निगेटिव्ह स्कॅन करून आणल्या. घागरीचा फोटो आधी छापून आलेला असल्यामुळं नुसतं चढवून भागणार नव्हतं, मालकाची ईमेलनं परवानगी लागते. अप्पांचा ईमेल नव्हता, तो उघडला. परवानगीचा मजकूर मी मोठ्यानं वाचला, त्यांनी एका बोटानं स्वतः पाठवला.

कार्यशाळेतल्या त्या मुलाला मी मुद्दाम घरी बोलावलं. माहितीचे रकाने त्यानंच भरायचे होते. अप्पांच्या पाया पडला, वही काढली आणि विचारलं, "अप्पा, घागरीचा फोटो किल्लारीतल्या कुठल्या गल्लीतला?"

"किल्लारीतला नाहीच तो. सास्तूरचा हाय. किल्लारीला रस्ता तुंबला होता, पाऊस लागला होता, म्हणून आम्ही तिकडं वळलो. पेपरवाल्यांनी किल्लारी छापलं."

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी पण हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानं वहीत किल्लारी खोडून सास्तूर लिहिलं आणि खुर्ची अप्पांच्या जवळ ओढून बाकीच्या चार फोटोंचं विचारायला लागला.