मामांच्या कॉम्प्युटरवरचे खोटे व्हायरस: फॉरमॅट न मारता केलेली साफसफाई

कॉम्प्युटरमध्ये जाहिराती आणि व्हायरसचे इशारे दिसायला लागले की दुरुस्तीवाला बहुतेक वेळा एकच उपाय सांगतो: फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. माझ्या मामांना तो चालणारच नव्हता. ते मिरजेत घरूनच डीटीपीची कामं करतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपती मंडळांचे अहवाल. श्रीलिपीचे जुने फॉन्ट, पेजमेकरमधल्या कित्येक वर्षांच्या फायली, हवा तसा बसवलेला प्रिंटर, सगळं त्या एकाच मशीनवर. फायली काढून ठेवता येतात, पण ती सगळी घडी पुन्हा बसवायची म्हणजे ऐन लग्नसराईत कामं परत पाठवायची. त्यामुळे आहे त्याच विंडोजवर साफसफाई करायची असं ठरवलं.

सुरुवात मात्र फोनवरच करावी लागली. मामांचा आवाज घाबरलेला होता. "अगं, स्क्रीन सगळी लाल झालीय, भोंगा वाजतोय, माउस दिसत नाही. मायक्रोसॉफ्टचा नंबर दिलाय, लावू का?"

"मामा, नंबर अजिबात लावू नका. आधी राउटरचं बटण बंद करा."

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीनेच स्पष्ट सांगितलं आहे. समोर होतं ते फक्त एक वेबपेज, फुल स्क्रीन केलेलं. मामांना एस्केपची कळ दाबून धरायला सांगितली, तशा टॅबच्या पट्ट्या दिसू लागल्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, क्रोमवर क्लिक करून एंड टास्क. भोंगा थांबला. पुन्हा क्रोम उघडल्यावर ते 'पेजेस रिस्टोअर करू का' असं विचारतं. तिथे फुली मारायची, नाहीतर तेच लाल पान परत समोर येतं.

तो नंबर लावला असता तर काय झालं असतं, ते ठरलेलं आहे. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन ताब्यात घेणारं ॲप टाकायला लावतो, विंडोजच्या नेहमीच्या नोंदीतल्या लाल-पिवळ्या खुणा 'व्हायरस' म्हणून दाखवतो आणि पैसे मागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने सायबर फसवणुकीविरुद्धच्या ऑपरेशन चक्र-२ या मोहिमेत देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेली अशा बनावट टेक सपोर्टची प्रकरणंही होती. साध्या माणसाला भीती घालून लुटण्याचा हा संघटित धंदा आहे आणि त्याची मला मनापासून चीड येते. कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावं. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

रविवारी मिरजेला गेले. सगळ्यात आधी मामांच्या कामाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या. फक्त फायली आणि फॉन्ट, डाउनलोड फोल्डरमधला एकही सेटअप नाही.

मग उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने वर येणारी ती चौकट. लाल त्रिकोण, 'पाच व्हायरस सापडले', वर एका नामांकित अँटिव्हायरसचा लोगो. तो अँटिव्हायरस मामांकडे कधी नव्हताच! चौकट नीट वाचली की पत्ता लागतो. वर बारीक अक्षरात गूगल क्रोमचं नाव होतं आणि मजकुराखाली कुठल्यातरी अगम्य वेबसाइटचा पत्ता. विंडोजचा खरा इशारा विंडोज सिक्युरिटीच्या नावाने येतो. म्हणजे हा व्हायरस नव्हता, एका साइटला मिळालेली नोटिफिकेशनची परवानगी होती. 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' असं लिहून या साइट्स ती मिळवतात, आणि मग तो टॅब बंद असला तरी संदेश येत राहतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं गेलं की परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. अनोळखी सगळ्या काढल्या आणि यापुढे कुठल्याच साइटने परवानगी विचारू नये असंही करून ठेवलं. कोपरा शांत झाला. खूप जणांचा त्रास इथेच संपतो.

मामांचा संपला नाही. गूगलवर काही शोधलं की निकाल भलत्याच सर्च इंजिनवर उघडायचे. क्रोमच्या मेनूत तळाशी 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' अशी ओळ होती आणि एका एक्स्टेन्शनला, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमला, काढून टाकण्याचं बटणच नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरवर कसली संस्था? ही सोय ऑफिसांसाठी आहे, कंपनीला सगळ्यांच्या क्रोमवर एखादं एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावं म्हणून. ॲडवेअर, म्हणजे जबरदस्तीने जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम, तीच वाट वापरतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, पॉलिसीज, गूगल, क्रोम या ठिकाणी स्वतःची नोंद करून ठेवतं. मी त्या भागाची प्रत काढून ठेवली आणि नोंद पुसली. एक्स्टेन्शन गेलं. रीस्टार्ट केलं, परत हजर.

खरी मेख अशी की नोंद पुसून उपयोग नसतो, नोंद करणारा आधी शोधावा लागतो. तो सापडला टास्क शेड्युलरमध्ये, ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत. ब्राउझर अपडेटसारखं सभ्य नाव, पण ॲक्शन्सच्या टॅबमध्ये पाहिलं तर ॲपडेटा या प्रोग्रॅम्सचा डेटा ठेवण्याच्या जागेतल्या एका फोल्डरमधली स्क्रिप्ट प्रत्येक लॉग-इनला चालवायची असा हुकूम. खऱ्या अपडेटची फाइल अशा विचित्र नावाच्या फोल्डरमध्ये पडलेली नसते. त्या फोल्डरची तारीख लक्षात ठेवून कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅम्सची यादी इन्स्टॉलच्या तारखेनुसार लावली. त्याच दिवशी तीन गोष्टी आल्या होत्या: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये करून देणारा कन्व्हर्टर, एक पीडीएफचा प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर अपडेट करतो म्हणणारा तिसरा. कन्व्हर्टर मामांना कामासाठी हवाच होता, बाकीचे दोन त्याच्या सेटअपला चिकटून आले. अशा डाउनलोडच्या पानांवर तीन-चार हिरवी बटणं असतात आणि खरं कुठलं हे पटकन कळू नये अशीच मांडणी केलेली असते.

आता क्रम बदलला. आधी नेट बंद. मग शेड्युलरमधला टास्क आणि त्याचा फोल्डर उडवला. मग ते प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केले. एकाने जाता जाता 'संरक्षण चालू ठेवा' असं ठळक बटण पुढे केलं, खरं अनइन्स्टॉल खाली फिकट अक्षरात होतं. त्यानंतर रजिस्ट्रीतली नोंद, आणि शेवटी क्रोम रीसेट. रीसेटने बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, मामांना हीच धास्ती होती. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडून टार्गेटची ओळही पाहिली. कधीकधी तिथे शेवटी एक वेबपत्ता जोडलेला असतो, मग क्रोम उघडताच तेच पान येतं. इथे तसं नव्हतं.

नेट पुन्हा जोडून ॲडवक्लीनर चालवला. हे छोटं फुकट साधन २०१६ पासून मालवेअरबाइट्सकडे आहे. ते त्यांच्याच साइटवरून घ्यावं, कारण याच नावाच्या नकलाही निघाल्या आहेत. त्यात उरलेसुरले फोल्डर सापडले, ते क्वारंटाइन केले, म्हणजे चालू शकणार नाहीत असे वेगळे कोंडून ठेवले. मग विंडोज सिक्युरिटीतलं ऑफलाइन स्कॅन लावलं. त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत. काही निघालं नाही. त्यानंतरही दोनदा रीस्टार्ट करून पाहिलं. मेनूतली 'संस्था' गेली होती.

विंडोज सिक्युरिटीतच ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय असतो. तो मामांकडे बंद होता, चालू केला. रोजच्या कामासाठी ॲडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं खातं काढून दिलं, त्यामुळे एखादा सेटअप पूर्ण मशीनवर बसू पाहत असेल तर आधी पासवर्ड मागतो. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मामांच्या मोबाइलवरून बदलले, कारण ते एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये काय काय वाचत होतं ते कळायला मार्ग नव्हता. कन्व्हर्टरच्या जागी आता ते वेबवर चालणारा वापरतात, इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही.

हे सगळं बघत बसलेल्या मामी म्हणाल्या, "माझ्या मोबाइलवर पण येतं असलंच, बॅटरीत व्हायरस आहे म्हणून." त्यांच्या मोबाइलच्या क्रोममध्येही सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स अशीच वाट आहे. त्या यादीतल्या अनोळखी साइट्स मामींनी स्वतःच एकेक करून काढून टाकल्या.