कमरेला नाही, खिशाच्या रेषेत
ऑगस्टमध्ये कसारा घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी नुसत्या लाल दिव्यांवरून ओळखावी लागते. त्या संध्याकाळी आमच्या ॲम्ब्युलन्सला कॉल होता मोटारसायकलला टेम्पोने उडवल्याचा, जखमी दोन, नवरा-बायको. आम्ही पोचलो तेव्हा सगळी गर्दी नवऱ्याभोवती होती. त्याचं कपाळ फुटलेलं, शर्ट रक्ताने माखलेला. पण तो उभा होता, ओरडत होता, म्हणजे श्वासनलिका मोकळी होती. त्याच्या कपाळावर गॉजचा बोळा दाबून धरायला लावला आणि बायकोकडे वळलो.

चाळिशीची बाई. रस्त्याकडेला पाठीवर पडलेली, रक्ताचा थेंब नाही. एका ट्रकचा क्लीनर तिचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसला होता. हे त्याला कोणी शिकवलं देव जाणे. दुसरा कोणी तरी बाटलीने पाणी पाजायला निघाला होता, त्याला आवरलं. "डॉक्टर, लघवीला लागल्यासारखं होतंय," ती हळूच म्हणाली, "आणि खाली काही तरी सुटल्यासारखं वाटतंय."

नाडी 128, श्वास मिनिटाला 28, बीपी 84/60. हातपाय गार. छातीत दोन्हीकडे हवा नीट जात होती, पोट मऊ होतं. उजवा पाय बाहेर वळलेला. ओटीपोटाचं हाड मोडलं की आतल्या आत काही लिटर रक्त साचू शकतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. दोन्ही बाजूंनी दाबून हाड हलतंय का बघायचा मोह होतो, पण धरू लागलेली गुठळी त्यानेच सुटते. म्हणून हात लावला नाही.

बांधायचा तयार पट्टा गाडीत नव्हता, चादर भिजलेली. घाटात कणसं भाजून विकणाऱ्या मावशींनी गाठोड्यातून एक सुती पातळ काढून दिलं. मी त्याची रुंद घडी करून गुडघ्यांखालून सरकवत वर नेली, कमरेला आवळली आणि गाठ मारली.

"डॉक्टर, वर गेलंय," आमचा पायलट, म्हणजे ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. मी कंबरेच्या हाडावर बांधलं होतं. बांधायचं असतं मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा हाताला लागतो तिथे, पँटच्या खिशात हात जातो त्या रेषेत. तरच ओटीपोटाच्या हाडांचं उघडलेलं कडं मिटतं. वर बांधलं तर हाड उलट जास्त फाकू शकतं. ट्रेनिंगमध्ये आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, लक्षात राहिलं त्याच्या. सोडून पुन्हा बांधलं, गुडघे आणि पावलंही एकत्र बांधली. कुशीवर न वळवता दोन भागांत उघडणारं स्कूप स्ट्रेचर दोन्ही बाजूंनी सरकवलं आणि उचललं.

उचलताना क्लीनरने विचारलं, "साहेब, पोलिसांत नाव जाईल का माझं?" 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलं, मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही, असं त्याला धावत-धावत सांगितलं. पटलं नसावं, कारण तो लगेच दिसेनासा झाला.

इगतपुरीपासून नाशिक 45 किलोमीटर. ऑक्सिजन, शिरेत 16 गेजच्या दोन जाड सुया, आणि रक्तस्राव आवरणारं ट्रानेक्सामिक ॲसिड 1 ग्रॅम, दहा मिनिटांत. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोग, हे या औषधाच्या 2010 मधल्या क्रॅश-2 चाचणीनंतर पक्कं झालं. सलाईन मात्र हात राखून, 250 मिलीच्या हप्त्याने, मनगटाची नाडी लागेपर्यंतच. जास्त ओतलं तर उरलेलं रक्त पातळ होतं. एसी बंद, अंगावर दोन ब्लँकेटं. घोटीच्या पुढे नाडी 112 वर आली. नवरा पुढे बसून तिचं नाव घेत राहिला.

कॅज्युअल्टीत सिस्टर गाठ सोडायला लागल्या. "एक्सरे होऊ दे, सर्जन बघू देत, मग सोडा," एवढंच मी म्हटलं.

तिला प्लेट बसवली, असं नवऱ्याने फोनवर कळवलं. पंधरा दिवसांनी घाटात मावशी दिसल्या. बाई वाचली, पण पातळ हॉस्पिटलात कात्रीने कापलं गेलं, असं सांगितलं. "जुनंच होतं," त्या म्हणाल्या आणि कणसाला लिंबू चोळून पुढे केलं. पैसे घेतले.