तुम्ही विचारलंत म्हणून: हेलिक्स टिकते कशावर?

दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रथिनांचं प्रकरण सुरू झालं की चौथ्या-पाचव्या तासाला एक हात वर होतो. प्रश्न ठरलेला, अल्फा हेलिक्सबद्दल, म्हणजे प्रथिनातली अमिनो आम्लांची साखळी स्प्रिंगसारखी वळून बनते त्या रचनेबद्दल. "मॅडम, अल्फा हेलिक्स हायड्रोजन बंधांनी टिकते म्हणता. पण तसले बंध पाण्याशीही होतात, आणि पेशीत तर पाणीच पाणी. मग साखळीनं स्वतःशीच बंध करून मिळवलं काय?" (हायड्रोजन बंध म्हणजे हायड्रोजन आणि समोरचा ऑक्सिजन यांच्यातली हलकी ओढ.) एका माजी विद्यार्थ्यानं हेच रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, सकाळी त्याची मुलाखत होती. तेव्हा चार ओळींत उरकलं. आज सवडीनं लिहिते.

कबूल करते, पहिली काही वर्षं मीही "हायड्रोजन बंधांमुळे स्थैर्य मिळते" हे वाक्य फळ्यावर लिहून, खाली रेघ ओढून पुढे जात असे. परीक्षेत त्याला दोन गुण मिळतात. वाक्य खोटं नाही, अर्धं आहे.

उरलेलं अर्धं सांगायला मी वर्गात कागदाची पट्टी नेते. युक्ती माझी नाही, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांची. १९४८ साली ते ऑक्सफर्डला असताना सर्दीनं अंथरुणाला खिळले. रहस्यकथा वाचून कंटाळा आला, तेव्हा कागदावर अमिनो आम्लांची साखळी काढली आणि कार्बनच्या जागी घड्या घालत ती वळवायला लागले. वळवताना एक पथ्य त्यांनी सोडलं नाही: दोन अमिनो आम्लं जोडणाऱ्या पेप्टाइड बंधाचा भाग सपाटच राहिला पाहिजे. तिथला कार्बन-नायट्रोजन बंध १.३२ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) असतो, साध्या एकेरी बंधापेक्षा आखूड. म्हणजे तो थोडा दुहेरी आहे, पिळता येत नाही. आदल्या फेऱ्याच्या ऑक्सिजनसमोर पुढच्या फेऱ्यातला हायड्रोजन बरोबर येईपर्यंत कागद वळवला, तर दर फेऱ्याला अमिनो आम्लं भरली ३.६. हा अपूर्णांक मुलांना खटकतो. केंब्रिजच्या ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुट्झ या तिघांनाही खटकलाच असणार. त्यांनी १९५० साली शक्य त्या रचनांची यादी छापली, पण फेऱ्यात पूर्णांकच हवा असं धरलं, सपाटपणाचं पथ्यही पाळलं नाही, आणि नेमकी खरी रचना हातची गेली.

तेव्हा बंध मोजण्याआधीच एक गोष्ट ठरलेली असते. साखळी म्हणजे सैल सुतळी नव्हे. चपट्या पत्र्यांची माळ समजा, दर कार्बनपाशी दोन बिजागऱ्या. त्याही हव्या तशा फिरत नाहीत, अणू एकमेकांवर आपटतात. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली या दोन कोनांचा नकाशाच मांडला. त्यातला बराचसा भाग निषिद्ध निघाला, आणि मोकळ्या राहिलेल्या थोड्या जागांत हेलिक्स आणि बीटा शीट (साखळीचे ताणलेले पट्टे शेजारी-शेजारी बसून होते ती रचना) आरामात बसतात.

आता पाण्याचा हिशेब. उलगडलेल्या साखळीतल्या प्रत्येक ऑक्सिजननं आणि नायट्रोजनवरच्या हायड्रोजननं पाण्याचा हात धरलेला असतो. हेलिक्स झाली की ते दोन हात सुटतात, साखळीचा स्वतःशी एक बंध होतो, आणि मोकळं झालेलं पाणी दुसऱ्या पाण्याला धरतं. जमाखर्च जवळजवळ फिटंफाट. वर साखळीचं हलण्याचं स्वातंत्र्य गेलं, तो तोटा वेगळाच. म्हणून प्रथिनातून हेलिक्सचा छोटा तुकडा कापून पाण्यात सोडला, तर बहुतेक वेळा तो उलगडतो. विद्यार्थ्याची शंका इथवर सोळा आणे बरोबर.

पण अख्ख्या प्रथिनाची गोष्ट निराळी. अमिनो आम्लांना मुख्य साखळीबाहेर फुटलेल्या बाजूच्या साखळ्यांपैकी ज्या तेलकट, पाण्याला नकोशा, त्या पाण्यापासून दूर, आत गोळा होतात, आणि मुख्य साखळीला त्यांच्याबरोबर फरफटत आत जावं लागतं. आत पाणी नाही. तिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजन रिकाम्या हातांनी राहिले तर ते फार महागात पडतं. मग प्रवासाला निघताना शिदोरी बांधावी तसं साखळी आपले बंध आपणच बांधून नेते. हेलिक्समध्ये ते चार अमिनो आम्लं पुढच्या शेजाऱ्याशी होतात, शीटमध्ये बाजूच्या पट्ट्याशी. माझ्या मते खरं उत्तर हे आहे: बंध फार बळकट आहे म्हणून हेलिक्स टिकत नाही. आत गेल्यावर तो न बांधणं परवडत नाही, म्हणून टिकते.

सुरुवातही सोपी नसते. पहिला बंध जुळायला मधली तीन अमिनो आम्लं एकदम जागेवर यावी लागतात. नंतर मात्र एकेक बसलं की एकेक बंध मिळतो, विणकामात पहिली ओळ घालणं जिकिरीचं आणि पुढे हात चालतो तसं. टोकांना पहिले चार हायड्रोजन आणि शेवटचे चार ऑक्सिजन जोडीदाराविना उरतात, आणि कडा तिथूनच उसवतात. सुरुवातीच्या टोकाशी पुष्कळदा सेरीन किंवा अ‍ॅस्परजीन बसलेलं दिसतं, ते आपल्या बाजूच्या साखळीनं ही उणीव थोडी भरून काढतं. प्रोलिनच्या नायट्रोजनवर द्यायला हायड्रोजनच नाही, म्हणून ते मध्ये आलं की हेलिक्स वाकते किंवा तुटते.

पाणी किती चिवट प्रतिस्पर्धी आहे हे मला घरीच दिसलं. भाचीनं मुंबईत, भर जूनमध्ये, एका लग्नासाठी पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले. केस म्हणजेही हेलिक्सचं प्रथिनच. गरम इस्त्रीनं त्यातले जुने हायड्रोजन बंध मोडले होते, थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळले होते. रिक्षातून हॉलपर्यंत जेमतेम दहा पावलं, तीही छत्रीखाली. अक्षता पडेपर्यंत कानाजवळची बट वळली, जेवणाच्या पंगतीला सगळेच केस. हवेतली वाफ केसात शिरली, नवे बंध सुटले, आणि गंधकाचे मजबूत पूल, ज्यांना इस्त्रीनं धक्काही लागला नव्हता, त्यांनी केस मूळ वळणावर आणले. तिच्या अंगावर पैठणी होती. तिला काही झालं नाही. रेशमाची साखळी आधीच ताणलेली, शीटच्या थरांवर थर घट्ट बसलेले, पाण्याला आत शिरायला जागा फारशी नाही. केसाची हेलिक्स मात्र स्प्रिंगसारखी, वाफेत ओढली तर केस जवळजवळ दुप्पट लांब होऊ शकतो.

केसानं पॉलिंगनाही छळलं होतं. त्यांच्या हेलिक्सचा फेरा ५.४ अँगस्ट्रॉमचा, आणि केसाच्या क्ष-किरण चित्रात अंतर दिसायचं ५.१. या फरकापायी त्यांनी हेलिक्स जवळजवळ तीन वर्षं छापली नाही, ती आली १९५१ साली, कोरी आणि ब्रॅन्सन या सहकाऱ्यांबरोबर. त्याच वर्षी पेरुट्झना घोड्याच्या केसात दीड अँगस्ट्रॉमची खूण सापडली, दर अमिनो आम्लामागे हेलिक्स वर चढते बरोबर तेवढीच. ५.१ चं कोडं नंतर सुटलं: केसात हेलिक्स सरळ उभ्या नसतात, एकमेकींभोवती पीळ घालून तिरक्या झालेल्या असतात.

भाचीला हे सगळं ऐकायचं नव्हतं. "मावशी, आता फोटोचं काय करू?" एवढंच विचारलं. मी तिला खुर्चीवर बसवलं, पर्समधून कंगवा काढला आणि वेणी घातली.